कपाटातला संग्रह लोकांपर्यंत नेताना: ग्रंथपालाच्या सांस्कृतिक उद्योजकतेची कार्यपद्धती

उद्योजक हा शब्द ग्रंथपालांच्या बैठकीत निघाला की निम्म्या लोकांच्या कपाळावर आठी उमटते. त्या शब्दाला नफ्याचा आणि जाहिरातबाजीचा वास येतो, आणि आपला व्यवसाय या दोहोंपासून दूर राहिला म्हणूनच लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, अशी आपली धारणा असते. ती पुष्कळ अंशी खरीही आहे. परंतु कमी उपयोगात पडून राहिलेले साधन हेरणारा, ते अधिक उपयोगाच्या जागी नेणारा आणि त्यासाठीची जोखीम अंगावर घेणारा माणूस म्हणजे उद्योजक, एवढाच साधा अर्थ घेतला, तर भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांतले पहिलेच सूत्र, म्हणजे ‘ग्रंथ उपयोगासाठी असतात’ हे, त्या वृत्तीला अगदी जवळचे आहे. पुढची कार्यपद्धती एक-दोन कर्मचारी, एक बरा संगणक आणि बेताचा निधी असलेल्या ग्रंथालयासाठी लिहिली आहे. मोठ्या संस्थांकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतात, त्यांना यातले निम्मे ठाऊक असेल.

संपूर्ण लेखाचा आधार असलेले मत आधीच सांगून टाकतो. डिजिटल काळात आपल्या कपाटातली गाजलेली कादंबरी हजार ठिकाणी मिळते, पण आपल्याच गावी, आपल्याच संस्थेत साठत गेलेला किरकोळ वाटणारा कागद दुसरीकडे कुठेच मिळत नाही. म्हणून ग्रंथपालाचे भांडवल त्या कागदांत आणि त्यांचे नेमके वर्णन करण्याच्या आपल्या कसबात आहे. ॲप, रंगीत संकेतस्थळ, महागडे यंत्र या गोष्टी त्यानंतरच्या.

एकच संग्रह निवडावा

निवडीचे काम दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक ग्रंथाला क्रमांक देणारी वही, हातात घेऊन कपाटांपुढे उभे राहून करावे. जे नोंदवहीत आहे त्याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष नोंदवहीत कधीच न चढलेल्या वस्तूंकडे द्यावे. कपाटाच्या माथ्यावर फडक्यात बांधून ठेवलेली बाडे, जुन्या स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, हस्तपत्रके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे सुटे अंक, संस्थेचे वार्षिक अहवाल, छायाचित्रांची पाकिटे, वाचकांच्या अभिप्रायांची वही असे बरेच काही निघते. हे ग्रंथ नव्हेत म्हणून त्यांना दाखल क्रमांक मिळालेला नसतो, आणि क्रमांक नाही म्हणून ते कुणाला सापडतही नाहीत.

अशा कागदांचे मोल किती होऊ शकते याचे एक बोलके उदाहरण न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे. फ्रँक बटॉल्फ या बाईंनी १९०० पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्या ग्रंथालयासाठी उपाहारगृहांची आणि मेजवान्यांची भोजनपत्रके गोळा केली आणि हा साठा २५,००० च्या पुढे नेला. तेव्हा हा छंद बहुतेकांना विक्षिप्तपणाचा वाटला असल्यास नवल नाही. २०११ मध्ये ग्रंथालयाने ती पत्रके ऑनलाइन ठेवली, त्यांवरील पदार्थ आणि किमती टंकित करण्याचे काम लोकांच्या हाती सोपवले आणि तयार झालेली माहिती कुणालाही उतरवून घेता येईल अशी खुली केली. यातली कल्पकता दोन टोकांना विभागलेली आहे. एका टोकाला जमवणारी व्यक्ती आहे, दुसऱ्या टोकाला ती जमवाजमव लोकांच्या हाती देणारे ग्रंथपाल आहेत, आणि मध्ये शतकभराची शांत साठवण आहे.

निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हा संग्रह दुसरीकडे उपलब्ध आहे का? हे वर्ल्डकॅटसारख्या संयुक्त तालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित ग्रंथयादीत, आणि इंटरनेट अर्काइव्ह या खुल्या डिजिटल संग्रहावर शोधून पाहावे. गेल्या वर्षभरात कुणी या विषयाची विचारणा करत आपल्या टेबलापर्यंत आले होते का? आणि काम तीन ते चार महिन्यांत पूर्ण होईल इतके ते लहान आहे का? पहिल्या खेपेला २०० नगांच्या पुढे जाऊ नये. ‘संपूर्ण ग्रंथालयाचे डिजिटायझेशन’ हा शब्दप्रयोग ज्या ठरावात असतो तो ठराव सहसा पूर्णत्वाला जात नाही, असा माझा अनुभव आहे.

स्कॅनर सुरू करण्यापूर्वी हक्क तपासावेत

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो मागाहून करायला गेल्यास केलेले काम मागे घ्यावे लागते. कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे आणि त्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे कॉपीराइट टिकतो. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे, तर युरोपीय संघात आणि इतर अनेक देशांत ७० वर्षांची. छायाचित्रे, निनावी लेखन आणि संस्थांची प्रकाशने यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून आपल्या देशाचा कायदा मुळातून वाचावा आणि शंका असेल तेथे वकिलाला विचारावे.

व्यवहारात संग्रहाचे तीन गठ्ठे करावेत. मुदत संपलेले कागद पहिल्यात, हक्कदार ठाऊक असलेले दुसऱ्यात आणि हक्कदार सापडत नाही असे तिसऱ्यात. पहिला गठ्ठा निःशंकपणे खुला करावा. दुसऱ्यासाठी परवानगीचे एक पानी पत्र तयार ठेवावे. त्यात काय, कुठे, किती काळ आणि कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होणार हे साध्या भाषेत लिहिलेले असावे. आपली कृती इतरांनी कोणत्या अटींवर वापरावी हे आधीच जाहीर करणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांचा अर्थ दात्याला समोर बसवून समजावून सांगितल्यास नकार क्वचितच येतो. तिसऱ्या गठ्ठ्याचे स्कॅनिंग जतनासाठी करता येते का हे कायद्यात पाहून ठरवावे, पण प्रसिद्धीची घाई करू नये. कायद्याखेरीज एक प्रश्न सभ्यतेचाही असतो. खासगी पत्रांत हयात माणसांच्या आजारपणाचा किंवा भांडणाचा उल्लेख असेल, तर हक्क आपल्याकडे असूनही ते पत्र बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

दृष्टिबाधित वाचकांसाठी वाचनसुलभ प्रती तयार करण्याची वाट २०१३ च्या मराकेश कराराने पुष्कळ मोकळी केली आहे. तो करार २०१६ पासून अमलात आहे. आपला देश त्यात सामील असल्यास ही सेवा ग्रंथालयाने स्वतःहून सुरू करावी. एवढ्या कमी खर्चात एवढे ऋणी वाचक मिळवून देणारे दुसरे काम मला माहीत नाही.

स्कॅनिंग

छापील पानांसाठी ४०० डीपीआय (दर इंचाला ४०० बिंदू) आणि लहान छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय हे प्रमाण पुरेसे असते. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी आणि तिच्यावरून वाचकांसाठी जेपेग किंवा पीडीएफ काढावी. साठवणुकीचा अंदाज आधीच बांधावा. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ४०० डीपीआयला साधारण ३,३०८ गुणिले ४,६७७ बिंदूंचे होते, म्हणजे न दाबलेली टिफ फाइल सुमारे ४६ मेगाबाइटची. हजार पानांना ४६ गिगाबाइट लागतात, आणि त्याच्या तीन प्रती ठेवायच्या असतात. हा हिशेब मांडून दाखवला की हार्ड डिस्कच्या खरेदीवर मंडळात वाद होत नाही.

जुन्या बांधणीचा ग्रंथ सपाट स्कॅनरवर दाबून उघडू नये. ग्रंथ ९० ते १२० अंशांत उघडा राहील अशा खाचेत ठेवून वरून कॅमेऱ्याने पाने टिपावीत. ठिसूळ कागदाखाली पातळ पुठ्ठा सरकवून पान उलटावे, कोपऱ्याला धरून उचलू नये.

फाइलच्या नावांबद्दल एक कबुली द्यायला हवी. आमच्या पहिल्याच प्रयत्नात एका नियतकालिकाचे दोन बांधीव खंड दोघांनी दोन दिवशी स्कॅन केले. यंत्राने दोन्ही वेळा क्रमांक एकपासूनच दिले, आणि फाइली एका फोल्डरमध्ये घालताना मी ‘जुन्याच्या जागी नवी ठेवू का’ या प्रश्नाला होकार दिला. १४० पाने गेली. ती पुन्हा टिपता आली, पण तेवढ्यासाठी तो खिळखिळा खंड दुसऱ्यांदा उघडावा लागला आणि त्याचा कणा तेव्हा सुटला तो सुटलाच. तेव्हापासून प्रत्येक फाइलचे नाव दाखल क्रमांक, खंड आणि पान अशा क्रमाने ठेवतो आणि पानाचा क्रमांक आधी शून्ये भरून चार अंकी लिहितो, म्हणजे दहावे पान दुसऱ्या पानाच्या आधी येत नाही. नग दाखल झालेला नसेल, तर आधी त्याला क्रमांक द्यावा आणि मगच स्कॅन करावा.

वर्णन: कामाचा गाभा

स्कॅनिंग कुणीही करून देईल, वर्णन मात्र ग्रंथपालच करू जाणे. येथे वेळ वाचवू नये, एकूण वेळेपैकी निम्मा येथेच खर्ची पडेल असे धरून चालावे. चौकट म्हणून डब्लिन कोअर ही वर्णनाच्या रकान्यांची प्रमाण यादी पुरे होते. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथे झालेल्या बैठकीतून ती आकाराला आली आणि तिच्यात शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, तारीख, भाषा, हक्क असे अवघे १५ घटक आहेत. ते बहुतेक सर्व प्रणालींना समजतात, त्यामुळे पुढे प्रणाली बदलली तरी नोंदी वाया जात नाहीत.

एक छायाचित्र घेऊन पाहू. मंचावर सात माणसे बसली आहेत, एक खुर्ची रिकामी आहे, मागच्या कापडी फलकावरची निम्मी अक्षरे माणसांनी झाकली आहेत. ‘जुना फोटो, सभा’ अशी नोंद केली तर ते छायाचित्र कपाटातून निघून संगणकात पुरले गेले, एवढाच फरक. त्याऐवजी ते आधी पालथे करावे. मागे छायाचित्रकाराचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव, डिंकाचे डाग असतात. डिंकाचे डाग सांगतात की ते कधीकाळी अल्बममध्ये होते, म्हणजे त्याची भावंडे कुठेतरी असतील. शिक्क्यावरचा पत्ता त्या व्यावसायिकाने कधी बदलला हे जुन्या स्मरणिकांतील जाहिरातींवरून कळू शकते, आणि तेवढ्याने तारखेची एक बाजू बंद होते.

आता नोंद लिहावी. छायाचित्रावर शीर्षक छापलेले नसल्याने आपण दिलेले शीर्षक चौकटी कंसात घालावे, म्हणजे ते मूळचे नसून तालिकाकाराचे आहे हे वाचकाला समजते. तारीख ठाम माहीत नसेल तर ‘अंदाजे १९५२ ते १९५५’ असे लिहून अंदाजाचे कारण त्याच नोंदीत द्यावे. व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे द्यावीत, आणि प्रत्येक नाव कशावरून, हेही नमूद करावे: ‘मागील पेन्सिलीच्या नोंदीवरून’, ‘दात्याने सांगितल्यावरून’, ‘१९५४ च्या अहवालातील छायाचित्राशी ताडून’. ज्याची ओळख पटली नाही त्याच्या जागी ‘अनोळखी’ लिहावे, जागा सोडून देऊ नये. शेवटी मूळ प्रत कोणत्या कपाटात, कोणत्या पाकिटात आहे ते लिहावे. डिजिटल प्रत पाहून मूळ वस्तूपर्यंत परत येता आले नाही, तर संग्रह आणि त्याची सावली एकमेकांपासून तुटतात.

मराठी मजकुरासाठी दोन अडचणी वेगळ्या लक्षात घ्याव्यात. पहिली फॉन्टची. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींतील अक्षरांसाठीची समान संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या किंवा त्याला न जुमानणाऱ्या देवनागरी फॉन्टांत टंकलेल्या नोंदी पडद्यावर सुबक दिसतात, पण त्यांच्या पोटात देवनागरी नसतेच, त्यामुळे त्या शोधात सापडत नाहीत. अशा जुन्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकेक ओळ तपासावी. दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या छापील मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार सर्रास आढळतात, तर आजचा वाचक ते न देता शोधतो. मजकूर छापलेला आहे तसाच ठेवावा, त्याला सुधारू नये, पण विषयशीर्षके आणि वर्णन आजच्या लेखनपद्धतीत द्यावे, आणि महत्त्वाच्या नावांची दोन्ही रूपे नोंदवावीत.

प्रतिमेतून मजकूर ओळखणारी ओसीआर प्रणाली, उदाहरणार्थ मुक्तस्रोत (कुणालाही वापरता आणि बदलता येईल अशी) असलेली टेसरॅक्ट, स्वच्छ छपाईवर देवनागरीत बरे काम करते. पुसट शाई आणि छपाईच्या खिळ्यांची झीज जेथे आहे तेथे जोडाक्षरांचे हाल होतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वर्णनाचा कच्चा मसुदा भराभर देतात खरी, परंतु छायाचित्रातल्या अनोळखी माणसाला ती तितक्याच आत्मविश्वासाने नावही देतात. त्यांच्याकडून आलेले एकही विशेषनाम किंवा वर्ष पुराव्याशिवाय नोंदीत जाऊ देऊ नये, आणि मसुदा यंत्राचा असेल तर तसे नोंदीत लिहावे.

ठेवायचे कुठे आणि राखायचे कसे

लहान संग्रहाच्या ऑनलाइन मांडणीसाठी २००८ पासून उपलब्ध असलेली ओमेका ही प्रणाली सोयीची आहे. प्रबंध आणि अहवाल यांचा मोठा साठा असेल तर डीस्पेस घ्यावी. तिची सुरुवात २००२ मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी केली. ग्रंथांची देवघेव आणि तालिका यांसाठी कोहा ही प्रणाली आहेच. ही तिन्ही मुक्तस्रोत आहेत. कोहाची जन्मकथा या लेखाच्या विषयाला इतकी नेमकी लागू पडते की थोडे थांबून ती सांगतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली २००० सालाचा उंबरठा ओलांडू शकणार नव्हती. त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरात आणली, आणि ती स्वतःपुरती न ठेवता मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. विकत घ्यायला जमत नाही म्हणून घडवले आणि घडवले ते वाटून टाकले, अशा रीतीने एका छोट्या न्यासाने अनेक देशांतील ग्रंथालयांची गरज भागवली.

प्रसिद्धीसाठी स्वतःच्या संकेतस्थळावरच विसंबू नये. खुल्या हक्कांचे साहित्य विकिमीडिया कॉमन्स किंवा इंटरनेट अर्काइव्ह येथेही ठेवावे, कारण वाचक आपल्या दारी येण्याआधी तेथे जातो. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये जुन्या ग्रंथांतील दहा लाखांहून अधिक चित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर निर्बंधाशिवाय सोडली, ती याच विचाराने.

त्याच ग्रंथालयावर ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीसाठीचा सायबर हल्ला झाला, तालिकाच कित्येक आठवडे बंद राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती मर्यादित रूपात परत आली. झाल्या प्रकाराचा अहवाल त्यांनी नंतर उघडपणे प्रसिद्ध केला, हे विशेष कौतुकाचे. एवढ्या मोठ्या संस्थेचे असे झाले, तर आपण नियम साधा आणि कडक ठेवावा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, संगणकाला न जोडलेली. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारी तिच्या मजकुराची ओळखखूण, काढून यादीत ठेवावा आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडावा. वाळवी आणि कसर दिसतात, डिस्कवरची सडलेली फाइल उघडून पाहीपर्यंत दिसत नाही.

लोकांना कामात घेणे

प्रसिद्धीनंतर वाचकांची वाट पाहत बसणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांची पाने ट्रोव्ह या सेवेत ठेवली, तेव्हा ओसीआरच्या चुका दुरुस्त करण्याचे बटण थेट वाचकाच्या हाती दिले, आणि वाचकांनी आजवर कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या आहेत. लोकांवर एवढा विश्वास टाकताना गोंधळ होईल, अशी भीती वाटते. अनुभव असा आहे की जुना मजकूर सुधारण्याइतके कंटाळवाणे काम मुद्दाम बिघडवण्यासाठी कुणी येत नाही.

लहान ग्रंथालयात हेच काम एका संध्याकाळी समोरासमोर करता येते. दहा-बारा छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घ्यावीत. प्रत्येकावर ट्रेसिंग कागद लावून त्यावर चेहऱ्यांभोवती गोल काढावेत आणि क्रमांक द्यावेत. शेजारी चार रकान्यांचा कागद ठेवावा: क्रमांक, नाव, कशावरून ओळखले, सांगणाऱ्याचे नाव. दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता तेच नाव सांगितले तरच ते नोंदीत घ्यावे. ज्येष्ठांना बोलवावेच, पण त्यांच्यासोबत नातवंडांनाही बोलवावे, कारण लिहून घेण्याचे काम ती आनंदाने करतात.

अशाच एका संध्याकाळी सगळेजण एका समारंभाच्या छायाचित्रातले चेहरे ओळखण्यात गुंतले होते. एका आजींनी चष्मा सारखा केला आणि चेहऱ्यांकडे दुर्लक्ष करून मागच्या खिडकीवर बोट ठेवले. ‘ही जाळी जुन्या इमारतीची. नवीन बांधली तेव्हा असल्या जाळ्या बसवल्याच नाहीत.’ जुनी इमारत कधी पाडली ते संस्थेच्या अहवालात होते. आमचा अंदाज त्यामुळे किमान सहा वर्षांनी मागे गेला आणि त्या छायाचित्रातल्या तीन नावांवर फेरविचार करावा लागला. त्या संध्याकाळनंतर आजींनी घरची दोन पाकिटे आणून दिली. संग्रह असाच वाढतो. दात्याला पोचपावती, स्कॅन केलेली प्रत आणि नोंदीत नाव, या तीन गोष्टी आठवड्याच्या आत मिळाल्या पाहिजेत.

पैशाचा प्रश्न

ग्रंथालयाच्या मूळ सेवेला, म्हणजे वाचनाला आणि संदर्भ सेवेला, या उपक्रमाचा आर्थिक भार लागू देऊ नये आणि त्यांच्यावर शुल्कही बसवू नये. मोबदला घ्यायचा तो ज्यात आपला वेगळा वेळ जातो त्याचा घ्यावा. चांगल्या कागदावरच्या मुद्रित प्रती, दूरस्थ अभ्यासकासाठी केलेला सविस्तर शोध, इतर संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी वर्णन आणि जतनाची कार्यशाळा, कुटुंबांच्या कागदपत्रांचे स्कॅनिंग अशा सेवा त्यात येतात. यातली शेवटची सेवा मला विशेष महत्त्वाची वाटते. कुटुंबाला त्यांची प्रत मिळते आणि त्यांच्या लेखी संमतीने एक प्रत ग्रंथालयात राहते, म्हणजे मोबदला आणि संग्रह दोन्ही येतात.

मुदत संपलेल्या कृतीच्या स्कॅनवर नवा हक्क सांगून पैसे मागण्याचा मोह टाळावा. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात, मुक्त झालेल्या दृश्यकलाकृतीच्या हुबेहूब प्रतिकृतीवर नवा हक्क निर्माण होत नाही, असेच ठरवले आहे. शिवाय प्रतिमेवर आडवा उमटवलेला ग्रंथालयाचा शिक्का ती प्रतिमा अभ्यासाला निकामी करतो. उगम सांगायचा असेल तर तो नोंदीत आणि फाइलमध्ये अंतर्भूत माहितीत सांगावा.

अनुदान मागताना संपूर्ण योजना पाठवण्यापेक्षा पूर्ण झालेला एक संग्रह दाखवावा. ५० छायाचित्रांचा नीट वर्णिलेला संच मंडळासमोर पडद्यावर उघडला आणि त्यात एखाद्या विश्वस्ताचे आजोबा निघाले, तर पुढच्या अर्ध्या तासात काय होते ते मी पाहिले आहे.

मोजमाप

पानभेटींचा आकडा फुगतो आणि फसवतो. दर तिमाहीला याऐवजी पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती नोंदी पूर्ण झाल्या, लोकांकडून किती दुरुस्त्या आल्या, किती नवे कागद दान म्हणून आले, संग्रहाचा आधार घेऊन कुठे काय छापून किंवा सादर होऊन आले, आणि विचारणा घेऊन आलेल्यांपैकी किती जणांना हवे ते मिळाले. शेवटची संख्या मिळवण्यासाठी टेबलावर एक साधी वही पुरते. मात्र कोणत्या वाचकाने काय वाचले याच्या नोंदी गरजेपुरत्याच ठेवाव्यात आणि गरज संपताच काढून टाकाव्यात. देवघेवीच्या नोंदींवरून वाचकांच्या आवडी जाहिरातदाराला कळवणारी सेवा कुणी फुकट देऊ केली, तर ती नाकारावी.

पुढच्या माणसासाठी

असे उपक्रम बंद पडतात ते बहुधा एका माणसाची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर. संकेतस्थळाचे नाव त्याच्या खासगी ईमेलवर नोंदलेले असते, नूतनीकरणाची सूचना तेथेच जाते, आणि सहा महिन्यांनी पत्ता दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेला असतो. म्हणून सर्व खाती संस्थेच्या ईमेलवर काढावीत, पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयीन कपाटात ठेवावेत, नूतनीकरणाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. फाइलची नावे, वर्णनाचे नियम, परवानगीपत्राचा नमुना आणि प्रतींची ठिकाणे यांचे चार पानी टिपण तयार करावे. ते पुरेसे आहे की नाही हे पाहण्यासाठी या कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती ते टिपण आणि एक नवे छायाचित्र द्यावे, आपण खोलीबाहेर बसावे आणि ते छायाचित्र नोंदीसह प्रसिद्ध करायला सांगावे. तो ज्या ओळीवर अडून दाराशी येईल ती ओळ त्याच दिवशी पुन्हा लिहावी.